झोप लागत नाही, टिकत नाही की पुरत नाही? झोपेच्या तक्रारी ओळखण्याची आणि हाताळण्याची रीत

‘झोप येत नाही’ हे वाक्य ऐकायला एकच असले, तरी त्याच्या पोटात निदान चार वेगळ्या तक्रारी असतात. एकजण दहाला अंथरुणाला पाठ टेकतो, पण बारा वाजून गेले तरी त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. दुसऱ्याला झोप चटकन लागते, मात्र पहाटे तीनला जाग आली की उजाडेपर्यंत तो कूस बदलत राहतो. तिसरा आठ तास खुशाल घोरत पडलेला असतो आणि तरीही सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये पेंगतो. चौथीला झोप येते, पण ती घ्यायला वेळच नसतो, कारण रात्री साडेअकराला ओटा आवरून झाल्यावर पाचला डबे करायला उठायचे असते. या चौघांना एकच गोळी किंवा एकच सल्ला देणे म्हणजे डोकेदुखी, दातदुखी आणि पोटदुखीला एकच लेप लावणे होय. चौथीला तर औषध नकोच आहे; घरातल्या इतरांनी कामे वाटून घेतली तर तिची तक्रार आठवड्याभरात मिटेल. म्हणून उपायांकडे वळण्याआधी आपली तक्रार नेमकी कोणती, हे ठरवायला हवे.

आधी वही

शाळेची एखादी जुनी वही घ्या आणि दोन आठवडे रोज सकाळी उठल्यानंतर तिच्यात एक ओळ लिहा: अंथरुणावर किती वाजता गेलो, झोप अंदाजे केव्हा लागली, मध्ये किती वेळा व किती वेळ जागा होतो, शेवटची जाग केव्हा आली आणि प्रत्यक्ष उठलो केव्हा. त्याच ओळीत आदल्या दिवशीचा शेवटचा चहा किंवा कॉफी, दुपारची झोप, मद्य आणि घेतलेली औषधे यांचीही नोंद करा. रात्री घड्याळ बघून वेळा टिपू नयेत. सकाळचा अंदाज पुरेसा असतो. मनगटावरच्या स्मार्टवॉचवर फार विसंबू नये. ते हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधते. एकूण झोपेचा त्याचा आकडा ढोबळ मानाने चालतो, पण ‘गाढ झोप ४२ मिनिटे’ अशा आकड्यांना तितका अर्थ नसतो, आणि तो आकडा बघून दिवसभर खंतावणारी माणसे मी पाहिली आहेत.

नोंदी वाचताना काही गोष्टी माहीत असाव्यात. प्रौढ माणसाला साधारणपणे सात तास किंवा थोडी अधिक झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास आणि त्याहून लहान शाळकरी मुलांना नऊ ते बारा तास. झोप ही सलग एकसारखी नसते. सुमारे दीड तासाची एक फेरी, अशा चार-पाच फेऱ्या रात्रीत होतात. पहिल्या फेऱ्यांमध्ये गाढ झोपेचा वाटा मोठा असतो, तर पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. जिला आपण साखरझोप म्हणतो तिच्यात स्वप्नांची गर्दी असते ती याच कारणाने. दोन फेऱ्यांच्या मध्ये क्षणभर जाग येणे स्वाभाविक आहे आणि वय वाढते तशी गाढ झोप कमी होऊन अशी जाग अधिक जाणवू लागते. रात्री एक-दोनदा जाग येऊन पुन्हा झोप लागत असेल आणि दिवस नीट जात असेल, तर तो आजार नव्हे.

झोप कशाने येते

झोप आणणाऱ्या शक्ती दोन. पहिली म्हणजे झोपेची भूक. सकाळी जाग आल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि जितका वेळ आपण जागे राहतो तितका झोपेचा दाब वाढतो. दुपारी जेवून दीड तास ताणून दिली की हा दाब उतरतो; रात्रीच्या जेवणाआधी दोन वडापाव खाल्ल्यावर ताटावर बसण्यासारखेच ते आहे. वामकुक्षी घ्यायचीच असेल तर वीस मिनिटांची आणि तीनच्या आत उरकावी. पुण्यातील एक ते चारच्या परंपरेला यात थोडी मुरड घालावी लागते, त्याला इलाज नाही. चहा-कॉफीतील कॅफीन मेंदूत अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसते, त्यामुळे दाब असूनही तो जाणवत नाही. शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कॉफीतील निम्मा ऐवज रात्री अकराला अंगात शिल्लक असतो. चहात कॉफीच्या साधारण निम्मे कॅफीन असते खरे, पण ऑफिसात दिवसभरात पाच कटिंग रिचवणाऱ्याने त्यावर समाधान मानू नये.

दुसरी शक्ती म्हणजे शरीराचे घड्याळ. ते मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर असते आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर स्वतःची वेळ लावून घेते. असे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते हे उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की हे घड्याळ मेलाटोनिन पाझरवून शरीराला रात्र झाल्याचे कळवते. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, तर रात्री उशिराचा उजेड ते पुढे ढकलतो. म्हणून रोज ठरावीक वेळी उठून अर्धा तास उघड्यावर चालणे हे रात्री मोबाइल बाजूला ठेवण्याइतकेच, किंबहुना त्याहून महत्त्वाचे आहे.

निद्रानाश टिकून का राहतो

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, सलग तीन महिने झोप लागत नाही किंवा टिकत नाही आणि त्याचा दिवसावर परिणाम होतो, तेव्हा त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्याची सुरुवात बहुधा समजण्यासारखी असते. घरातला मृत्यू, मुलाची बारावी, गेलेली नोकरी, ऑपरेशन अशा वेळी काही आठवडे झोप उडणे साहजिकच आहे. प्रश्न असा की कारण मिटल्यावरही झोप का परतत नाही? आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने याचे जे उत्तर दिले ते मला आजही सर्वांत पटते. झोप बिघडवणारे कारण वेगळे असते आणि ती बिघडलेली ठेवणारे कारण वेगळे, आणि हे दुसरे कारण बहुतेक वेळा आपणच झोप ‘भरून काढण्यासाठी’ सुरू केलेल्या सवयी असतात. माणूस नऊलाच अंथरूण धरतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी पडून घेतो. झोप तेवढीच राहते आणि अंथरुणावरचे तास वाढतात. तेवढ्याच दह्यात पाणी ओतत गेल्यावर ताक पाणचट व्हावे, तशी झोप पातळ होते. शिवाय तासन्‌तास तळमळत पडल्याने मेंदू शिकतो की अंथरूण ही काळजी करण्याची जागा आहे. टीव्हीसमोर सोफ्यावर डुलक्या काढणारा माणूस खोलीत जाऊन गादीवर पडताच टक्क जागा होतो, तो याच शिकवणीमुळे.

यावरचा उपाय उलटा वाटतो: अंथरुणावरचा वेळ वाढवायचा नाही, कमी करायचा. माझी स्वतःची वही अजून कपाटात आहे, तिच्यातील आकडे देतो. वडिलांच्या आजारपणानंतर चार महिने माझी झोप विस्कटलेली होती. मी दहाला आडवा होत असे आणि साडेसहाला उठत असे, म्हणजे अंथरुणावर साडेआठ तास. पण चौदा दिवसांच्या नोंदींची सरासरी काढली तर प्रत्यक्ष झोप साडेपाच तास भरली. झोपेला अंथरुणावरच्या वेळेने भागून शंभराने गुणले की जे येते ते आपल्या झोपेचे टक्के. माझे भरले ६५. पंचाऐंशीच्या वर असणे चांगले.

मग नियम असा: जितकी सरासरी झोप, तितकाच वेळ अंथरुणावर, मात्र तो पाच तासांच्या खाली कधीही न्यायचा नाही. उठण्याची वेळ आधी पक्की करायची आणि तिथून मागे मोजायचे. मी सकाळचे सहा ठरवले, म्हणजे अंथरुणावर जायचे रात्री साडेबाराला, त्याआधी कितीही पेंग आली तरी नाही. पहिले पाच दिवस वाईट गेले. चौथ्या दिवशी मी आमटीत दोनदा मीठ घातले आणि रात्री अकरा ते साडेबारा हा वेळ दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या घालत, नंतर त्याच घड्या पुन्हा सारख्या करत काढला. दुसऱ्या आठवड्यात मात्र आडवे होताच पंधरा मिनिटांत झोप लागू लागली आणि मधली दीड तासाची जाग दहा मिनिटांवर आली. साडेपाच तासांपैकी पाच तास झोप, म्हणजे ९१ टक्के. आठवड्याची सरासरी ८५ च्या वर गेली की अंथरुणाचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढवायचा, ८० च्या खाली गेली तर तेवढाच कमी करायचा आणि अधेमध्ये राहिली तर आहे तसा ठेवायचा. अशा पायऱ्या चढत अकरा ते सहा या वेळेवर यायला मला दोन महिने लागले.

हा उपाय सर्वांनी मनाने करू नये. ज्यांना फिट्स येतात, ज्यांना बायपोलर विकार आहे, जे झोपेत चालतात, ज्यांचे घोरणे पुढे सांगितल्याप्रमाणे संशयास्पद आहे, किंवा जे बस, ट्रक वा अवजड यंत्र चालवतात, त्यांनी तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा, कारण पहिल्या दोन आठवड्यांत दिवसा झोप येते आणि तीच त्यांना धोक्याची ठरते.

याच्या जोडीला अंथरुणाशी झोपेचे नाते पुन्हा जुळवायचे असते. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेले हे नियम अजूनही तसेच वापरले जातात. अंथरुणावर जायचे ते दमल्यावर नव्हे तर पापण्या जड झाल्यावर. दमणूक आणि झोप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अंथरुणावर मोबाइल, हिशेब, उद्याच्या कामांची आखणी यांपैकी काहीही नाही. वीसेक मिनिटे गेली आणि झोप दूर पळाली असे वाटले (घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवावे, वेळ अंदाजानेच समजावी), की उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी संथ काम करत बसायचे आणि पुन्हा पेंग आली की परतायचे. हे रात्रीत चार वेळा करावे लागले तरी चालेल. ‘दुसरी खोली’ हा शब्द मुंबईत अनेकांना थट्टेसारखा वाटेल. एका खोलीच्या घरात खुर्ची किंवा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ टाकलेली चटई हीच दुसरी खोली समजावी आणि दिवसा गादी गुंडाळून ठेवावी, म्हणजे तिच्यावर बसून टीव्ही बघणे आपोआप बंद होते. रविवारीही उठण्याची वेळ बदलायची नाही. सर्वांत जास्त लोक इथेच घसरतात.

डोक्यात चक्रे फिरत असतील तर त्यांना रात्रीऐवजी संध्याकाळची वेळ द्यावी. सात वाजता पंधरा मिनिटे बसून काळजीचे विषय कागदावर लिहावेत आणि प्रत्येकापुढे उद्या करायची एखादी छोटी कृती लिहावी. झोपण्याचा प्रयत्न करणे हेच झोपेच्या आड येते, त्यामुळे काहीजणांना उलटी युक्ती लागू पडते: अंधारात डोळे उघडे ठेवून ‘आज मुद्दाम जागाच राहतो’ असे ठरवायचे. हट्ट सुटला की झोप लागते.

या सगळ्या उपायांना मिळून कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचा निद्रानाशासाठीचा प्रकार म्हणतात. जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली आहे. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तो देतात. त्यापुढे पुरवण्यांतून छापून येणारी ‘शांत झोपेसाठी दहा टिपा’ ही यादी उपयोगी असली तरी दुबळी आहे. खोली अंधारी, थंड आणि शांत असावी, मच्छरदाणी धड असावी, झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ करावी (त्वचेकडे रक्त येऊन आतले तापमान उतरते आणि झोपेला मदत होते) हे सर्व खरे आहे, पण सहा महिन्यांचा निद्रानाश नुसत्या पडद्यांनी जात नाही. राहिला शेजारच्या मांडवातील डीजेचा प्रश्न. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा हा रात्रीचा काळ आहे आणि निवासी भागात त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पोलिसांकडे तक्रार करताना हे आकडे सांगता आले तर बरे पडते.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

घोरणाऱ्याला आपल्याकडे सुखी माणूस समजतात. प्रत्यक्षात काहींच्या बाबतीत झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट दहा सेकंद किंवा अधिक काळ बंद होते, रक्तातील ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर दचकून जागा होतो, मोठा आवाज करत श्वास सुटतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. माणसाला यातले काही आठवत नाही. या विकाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला पाच किंवा अधिक वेळा श्वास अडणे ही विकाराची सुरुवात, पंधराच्या वर मध्यम आणि तीसच्या वर तीव्र अवस्था मानतात.

संशय कशावरून घ्यावा? घोरणे मध्येच थांबते आणि मग गुदमरल्यासारखा आवाज येतो. सकाळी तोंड कोरडे पडलेले आणि डोके जड असते. रात्री लघवीला अनेकदा उठावे लागते. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही. सिग्नलला गाडी थांबली की डोळे मिटतात. वय पन्नासच्या वर, वजन जास्त, पुरुष आणि गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून अधिक, म्हणजे शर्टाची कॉलर सुमारे सोळा इंच, असे असल्यास शक्यता वाढते. तरी बारीक माणसाला हा विकार होत नाही असे नाही. जबडा लहान किंवा मागे असला तरी वाट अरुंद होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये तो वाढतो, आणि त्यांच्या थकव्याला ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून दिले जाते हे फार वाईट आहे. रोज घोरणाऱ्या लहान मुलाचे टॉन्सिल्स आणि अ‍ॅडिनॉइड्स कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावेत.

घरातल्या कुणी रात्री मोबाइलवर दहा मिनिटांचा आवाज किंवा व्हिडिओ टिपून ठेवावा; डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. निदान स्लीप स्टडीने होते. ती दवाखान्यात रात्रभर झोपवून किंवा काही रुग्णांसाठी घरीच छोटे यंत्र लावून करतात. मध्यम आणि तीव्र विकारावर सीपॅप यंत्र हा मुख्य उपचार आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी तो १९८१ मध्ये मांडला. मास्कमधून हवेचा सौम्य दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणे एवढेच हे यंत्र करते. तो ऑक्सिजन नव्हे आणि त्याची ‘सवय लागते’ ही भीती चष्म्याची सवय लागण्याइतकीच खरी आहे. अनेक लोक मास्क नीट न बसल्यामुळे यंत्र कपाटात टाकतात, म्हणून पहिल्या महिन्यात मास्कचे माप बदलून घ्यायला संकोच करू नये. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे आणि रात्री मद्य टाळणे यांनी सौम्य विकार बराच आटोक्यात येतो. झोपेच्या काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, त्यामुळे घोरणाऱ्याने त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पायांची शिवशिव

संध्याकाळनंतर, विशेषतः आडवे झाल्यावर, पोटऱ्यांमध्ये काहीतरी सरपटल्यासारखे, ओढल्यासारखे वाटते. पाय हलवले किंवा चार पावले चालले की बरे वाटते. स्वस्थ पडले की पुन्हा सुरू होते. अनेक बायका पायांना जुनी ओढणी करकचून बांधून झोपतात आणि ही तक्रार डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे असे त्यांना वाटतही नाही. हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. पोटरीत गोळा येणे याहून तो वेगळा: गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होऊन कळ येते, इथे स्नायू मऊच असतो.

याचे एक मोठे कारण लोहाची कमतरता आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, त्यामुळे आपल्याकडे हे कारण आधी तपासायला हवे. केवळ हिमोग्लोबिन पाहून थांबू नये. ते ठीक असूनही साठ्यातले लोह आटलेले असू शकते, म्हणून फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. या विकारात फेरिटिन ७५ पेक्षा कमी असले तरी डॉक्टर लोह सुरू करतात, मग प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा ‘नॉर्मल’ छापलेला का असेना. जेवणावर लगेच चहा घेतल्यास अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारात हा त्रास वाढतो. सर्दीच्या, गुंगी आणणाऱ्या काही गोळ्या आणि काही नैराश्यविरोधी औषधेही तो वाढवतात.

ज्यांची रात्र कामावर जाते

चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यात तिसरी पाळी करणारा, रुग्णालयातील नर्स, अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी हिंजवडीतील मुलगी यांची अडचण निद्रानाशाची नसून घड्याळाशी भांडण्याची आहे. पाळ्या फिरत्याच असतील तर पहिली, दुसरी, तिसरी या क्रमाने फिरणे शरीराला सोपे जाते, उलटा क्रम जड जातो. पाळीवर जाण्याआधी दीड तास झोपावे, चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्यावी, घरी येताना उन्हाचा चष्मा लावावा आणि आल्यावर वर्तमानपत्र न उघडता थेट अंधाऱ्या खोलीत झोपावे. सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवसपाळीसारखे वागण्याऐवजी दोन्हीकडे सामाईक असे तीन-चार तास रोज झोपेत राहतील असे पाहावे. घरच्यांनीही बेल बंद करावी आणि दूधवाल्याला, कुरियरवाल्याला सांगून ठेवावे. दिवसा झोपलेल्या माणसाला ‘लोळतोय’ म्हणणे बंद झाले, तरी पुष्कळ काम झाले.

शेतकऱ्याची रात्रपाळी कुणी मोजतच नाही. कृषिपंपाची वीज जिथे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते, तिथे रात्री बाराला बॅटरी आणि काठी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारे धरायला जावे लागते. त्या आठवड्यात संध्याकाळी लवकर जेवून दोन-तीन तासांची एक झोप आधीच काढावी आणि पहाटे परतल्यावर दुसरी झोप पूर्ण करावी. जनावरांचे सकाळचे दूधपाणी त्या आठवड्यापुरते दुसऱ्याकडे सोपवता आले तर ते जमते. पेंग येत असताना मोटारसायकल चालवू नये. हाच नियम समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी महामार्गावर गाडी हाकणाऱ्यालाही लागू आहे. खिडकी उघडणे, गाणी लावणे यांनी पेंग जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून कॉफी प्यावी आणि वीस मिनिटे झोपावे. कॉफीचा असर सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

मुले, म्हातारी माणसे आणि रात्रीचे चमत्कारिक प्रकार

पौगंडावस्थेत घड्याळ नैसर्गिकपणे पुढे सरकते, त्यामुळे पंधरा वर्षांचा मुलगा दहाला झोपत नाही हा नेहमीच उद्धटपणा नसतो. त्याला ओरडण्याऐवजी सकाळचा उजेड द्यावा आणि रविवारची उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त घसरू देऊ नये. लहान मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला, तो यामुळेच स्वागतार्ह होता. वृद्धांमध्ये घड्याळ अलीकडे सरकते. आठला झोपलेले आजोबा तीनला उठतात यात त्यांची सात तास झोप झालेलीच असते. त्यांना संध्याकाळी उजेडात फिरायला नेऊन झोपेची वेळ पुढे न्यावी. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी रात्री घेतली जात असेल तर ती सकाळी घेता येईल का, हेही विचारावे.

झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळत उठते, ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तर ती झोपेतली भीती असते. त्याला हलवून जागे करू नये, इजा होणार नाही एवढे पाहावे. पहाटे रडत उठून स्वप्न सांगणारे मूल मात्र जवळ घ्यावे. जाग आली पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते, याला निद्रापक्षाघात म्हणतात: मेंदू जागा झालेला असतो, पण स्वप्नाच्या झोपेत स्नायूंना लागलेले कुलूप उघडायला क्षणभर उशीर होतो. उताणे झोपल्यावर आणि जागरणानंतर हे जास्त घडते. मुंजा किंवा भूत यांचा त्यात संबंध नाही आणि उताऱ्याचा खर्च वाचवून ती रात्र पूर्ण झोपण्यात घालवावी. पन्नाशीनंतर मात्र कोणी स्वप्नात ओरडत लाथा मारू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. हे पार्किन्सनसारख्या आजाराचे फार आधीचे लक्षण असू शकते, म्हणून न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे.

गोळ्या, जायफळ आणि ‘एक पेग’

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे शेड्यूल एच-१ मध्ये मोडतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. तरीही ‘तेवढी झोपेची एक स्ट्रिप द्या’ हे वाक्य ऐकू येतेच. अल्पकाळासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने यांचा उपयोग आहे. महिनोन्‌महिने घेतल्यास डोस पुरेनासा होतो, विसराळूपणा वाढतो आणि वृद्ध माणूस रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडून घेतो. जो वर्षभर घेत आहे त्याने हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नये. अचानक थांबवल्यास अस्वस्थता, कंप, प्रसंगी फिट्सही येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी कमी करत न्यावी. मेलाटोनिन हे घड्याळ सरकवण्याचे औषध आहे. मुलीकडे अमेरिकेला गेल्यावर उलटलेल्या दिवसरात्रीसाठी ते कामाचे आहे, पण जुन्या निद्रानाशावर त्याचा परिणाम तुटपुंजा असतो.

मद्याने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते, शिवाय घोरणे वाढते. दुधात चिमूटभर जायफळ चालेल, पण ‘थोडे जास्त’ घालू नये. चमचाभर जायफळाने उलट्या, छातीत धडधड आणि भास होण्यापर्यंत विषबाधा होते. बाळाला गुटीत झोपेसाठी जायफळाचे वेढे वाढवणे तर मुळीच नको. काशाच्या वाटीने तळपाय घासण्यात तोटा काही नाही. तळपाय ऊबदार होतात, कोणीतरी दहा मिनिटे आपल्याजवळ बसते आणि तेवढा वेळ हातात मोबाइल नसतो.

गाडी चालवताना डोळे मिटत असतील, झोपेत श्वास थांबल्याचे कुणी पाहिले असेल किंवा वहीचे उपाय आठ आठवडे नीट करूनही फरक नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. पहाटे जाग येऊन मन उदास होत असेल, कशातच रस उरला नसेल, तर तक्रार झोपेची नसून नैराश्याची असू शकते. जगणे नको वाटत असेल तर सकाळची वाट न पाहता टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही, चालू असलेल्या सर्व औषधांच्या स्ट्रिप्स आणि शक्य असेल तर शेजारी झोपणारे माणूस सोबत न्यावे. रात्री आपण काय करतो हे आपल्यापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते.